थट्टा, यंत्र आणि तारतम्य

मे २०२४मधील गोष्ट. अमेरिकेत कोणीतरी गूगलला एक घरगुती प्रश्न विचारला. पिझ्झावरील चीज घसरून पडते, ते चिकटून राहावे यासाठी काय करावे? पूर्वी अशा प्रश्नाला गूगल दहा दुवे समोर ठेवीत असे आणि त्यांतील कोणाचे ऐकायचे, हे विचारणाऱ्यावर सोपवीत असे. त्याच महिन्याच्या १४ तारखेपासून अमेरिकेत ही पद्धत बदलली होती. दुव्यांच्याही वर, कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले आयते उत्तर मिळू लागले होते. त्या उत्तराने गंभीरपणे सल्ला दिला की, सॉसमध्ये अष्टमांश कप बिनविषारी डिंक मिसळावा.

डिंकाचे लाडू ठाऊक असलेल्या मराठी घराला क्षणभर यात काही वावगे वाटणार नाही. परंतु हा डिंक बाभळीचा नव्हता. शाळेतील मुले कागद चिकटवण्यासाठी वापरतात तो होता. पाठोपाठ दुसरे उत्तर गाजले. माणसाने दिवसाला किती दगड खावेत, या प्रश्नावर यंत्राने भूगर्भशास्त्रज्ञांच्या हवाल्याने सांगितले की, किमान एक लहानसा खडा रोज पोटात जावा. ज्या घरांतील आया-आज्यांच्या दुपारी तांदळातील खडे निवडण्यात गेल्या, त्या घरांना हा आहारविषयक शोध अगदीच नवा होता. जगभर हशा पिकला. खड्यांच्या पाककृती, डिंकाच्या जाहिराती आणि यंत्राच्या तोंडी घातलेली काल्पनिक उत्तरे यांना आठवडाभर ऊत आला. जगातील सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी एकीची फजिती सामान्य माणसाला फुकटात पाहायला मिळाली आणि त्याने ती मनसोक्त उपभोगली.

हशा ओसरल्यावर मात्र या प्रकरणातील खरा विचार करण्याजोगा भाग समोर आला. डिंकाचा सल्ला यंत्राने स्वतःच्या कल्पनेतून काढला नव्हता. सुमारे अकरा वर्षांपूर्वी रेडिटवरील चर्चेत कोणा अनामिक विनोदवीराने तो गंमत म्हणून लिहिला होता. खड्यांचा सल्ला 'द अनियन' या अमेरिकेतील प्रसिद्ध व्यंगपत्राने २०२१ साली छापलेल्या एका बनावट बातमीतून आला होता. भूगर्भशास्त्राशी संबंधित संगणक-प्रणाली बनवणाऱ्या एका कंपनीने ती बातमी आपल्या संकेतस्थळावर पुन्हा दिली होती. तेव्हा वाचकांना दोन्ही विनोद कळले होते. पुढे ते यंत्राच्या हाती लागले आणि यंत्राने त्यांना ज्ञानाच्या रांगेत बसवले. म्हणजे २०२४मध्ये जग ज्यावर हसले, ते जगाचेच जुने हसू होते. फक्त मधल्या काळात त्यातला विनोद गळून पडला होता आणि उरला होता तो उपदेश.

पाऱ्याची थट्टा

विनोद गळून पडण्याची ही तक्रार आजची नाही. संगणकांच्या जाळ्यावर माणसे एकमेकांशी बोलू लागली, तेव्हापासून ती आहे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ सालच्या सप्टेंबरमध्ये संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि अध्यापक सामायिक सूचनाफलकावर एका काल्पनिक कोड्याची चर्चा करीत होते. उद्वाहनाची दोरी तुटून ते खाली कोसळू लागले, तर आत ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाचे आणि जळत्या मेणबत्तीचे काय होईल, असे ते कोडे होते. त्यातच एकाने गंमत म्हणून सूचना लावली की, भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे एका उद्वाहनात पारा सांडला असून आगीनेही थोडे नुकसान झाले आहे. आधीची चर्चा ज्यांच्या वाचनात नव्हती, त्यांना ती धोक्याची सूचना खरी वाटली.

तेव्हा स्कॉट फालमन या अध्यापकाने १९ सप्टेंबर १९८२ रोजी एक उपाय सुचवला. जो मजकूर गमतीने लिहिला असेल, त्यापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हे टंकावीत. मान तिरकी करून पाहिले की हसरा चेहरा दिसतो. कालांतराने हरवलेला तो मूळ संदेश २००२ साली जुन्या फितींतून शोधून काढण्यात आला. आज भ्रमणध्वनीवर जे पिवळे हसरे चेहरे दिवसाकाठी अब्जावधींनी धावतात, त्यांच्या पूर्वजांत या तीन चिन्हांचे स्थान मानाचे आहे. त्यांचा जन्म केवळ हौसेपोटी झाला नव्हता. समोरासमोर बोलताना डोळे, स्वर आणि ओठांची मुरड जे सांगून जातात, ते लिखित मजकुरातून नाहीसे होते. ती उणीव भरून काढण्याचा तो प्रयत्न होता.

संगणकक्षेत्रातील जाणत्या मंडळींमध्ये विनोदाची ही परंपरा पुढेही जोमाने वाढली. आंतरजालाचे तांत्रिक नियम ज्या गंभीर दस्तऐवजांत लिहिले जातात, त्याच मालिकेत १ एप्रिल १९९० रोजी माहितीची देवाणघेवाण कबुतरांकरवी कशी करावी याचे रीतसर नियम प्रसिद्ध झाले. नॉर्वेतील बर्गन येथील हौशी संगणकप्रेमींनी २००१ साली ते खरोखर अमलात आणले. नऊ संदेश धाडले, त्यांपैकी चारांचीच उत्तरे परतली. ज्या अभियंत्यांनी जगाला जोडणारे जाळे विणले, ते आपल्याच कामाची अशी थट्टा करू शकत होते. आपल्या कामावर हसता येणे हे त्या कामावरील हुकमतीचे लक्षण असते. दस्तऐवजावरील तारीख पाहून वाचणारा समजून जात असे. त्याला निराळी खूण लागत नसे.

वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ

खूण न करता कळणे म्हणजे काय, याचा विचार भारतीय साहित्यशास्त्राने अकराशे वर्षांपूर्वी अत्यंत सूक्ष्मपणे केला आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ यांतील भेद मांडला. शब्द जे उघड सांगतात तो वाच्यार्थ. संदर्भ जाणणाऱ्याच्या मनात जो उमटतो तो व्यंग्यार्थ. या दोहोंत कधी कधी केवळ फरक नसतो, थेट विरोध असतो.

हे पटवण्यासाठी आनंदवर्धनाने घेतलेले उदाहरण महाराष्ट्राच्या मातीतील आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'तील, महाराष्ट्री प्राकृतातील ती गाथा आहे. गोदावरीकाठच्या कुंजात एक धार्मिक गृहस्थ हिंडत असतो. तेथील एका कुत्र्याची त्याला भीती वाटत असते. एक स्त्री त्याला सांगते की, आता खुशाल हिंडावे, कारण त्या कुत्र्याला आजच नदीकाठी राहणाऱ्या सिंहाने मारले आहे. शब्दांकडे पाहिले तर ही परवानगी आहे. अर्थाकडे पाहिले तर ही सक्त मनाई आहे. कारण कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकून तिकडे फिरकणार नाही. तो कुंज म्हणजे त्या स्त्रीचे प्रियकराला भेटण्याचे संकेतस्थळ होते, असे टीकाकार सांगतात. मराठीने आज हाच शब्द आंतरजालावरील ठिकाणांसाठी स्वीकारावा, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. संकेतस्थळ जुने असो वा नवे, तेथे उच्चारलेल्या शब्दाचा अर्थ केवळ शब्दांत शोधणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

गूगलचे यंत्र म्हणजे सिंहाची बातमी ऐकूनही निश्चिंतपणे कुंजात शिरणारा गृहस्थ होय. त्याला 'खुशाल हिंडावे' एवढेच ऐकू आले. कोट्यवधी वाक्ये वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द संभवतो, याचे अफाट गणित या यंत्रांनी आत्मसात केले आहे. ते गणित थक्क करणारे आहे आणि त्याची उपयुक्तता नाकारण्यात काहीच अर्थ नाही. भाषांतर, संकलन, संगणकीय आज्ञावली लिहिणे, अशी कितीतरी कामे ही यंत्रे झपाट्याने करतात. व्याजस्तुती म्हणजे काय, असे विचारले तर तिची व्याख्याही ती बिनचूक सांगतील. परंतु अलंकाराची व्याख्या ठाऊक असणे वेगळे आणि वाटेत भेटलेला अलंकार ओळखणे वेगळे. लेखक कोण, प्रसंग कोणता, ऐकणारे कोण, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने व्यंग्य आणि विधान यांची किंमत सारखीच. आपल्या शास्त्रकारांनी काव्य जाणणाऱ्याला 'सहृदय' म्हटले, ते विचारपूर्वक. केवळ वाचता येणारा तो साक्षर. बोलणाऱ्याच्या अंतःकरणाशी ज्याचे अंतःकरण जुळते तो सहृदय.

गूगलच्या शोधविभागाच्या प्रमुख लिझ रीड यांनी ३० मे २०२४ रोजी दिलेल्या स्पष्टीकरणात, उपरोधिक मजकूर आणि चर्चापीठांवरील लेखन यांमुळे चुका झाल्याचे मान्य केले. असा मजकूर उत्तरांत कमी यावा यासाठी सुधारणा केल्याचेही सांगितले. ही कबुली स्वागतार्ह होती. परंतु तिचा अर्थ असा की, यंत्राला विनोद समजू लागला म्हणून नव्हे, तर विनोदाची वाट अडवली म्हणून चुका कमी होणार होत्या. पंक्तीत चिडणारा पाहुणा असेल, तर यजमान इतरांना थट्टा न करण्याची खूण करतो; त्यातलाच हा प्रकार.

विदूषकाचे काम

मग आंतरजालावरील या थट्टेचे प्रयोजन काय? ती केवळ रिकामटेकड्यांची करमणूक आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. संस्कृत नाटकांत राजाच्या शेजारी विदूषक असतो. मंत्री जे बोलण्यास कचरतात, ते तो हसत हसत बोलून जातो. तंत्रज्ञानाच्या कंपन्या आपले प्रत्येक नवे उत्पादन मानवजातीच्या उद्धाराच्या भाषेत सादर करतात. त्या भाषेतील हवा काढून घेण्याचे काम अनेकदा चार ओळींच्या चपखल थट्टेनेच होते.

भारताने याचा अनुभव २०१५-१६ साली घेतला आहे. फेसबुकने फेब्रुवारी २०१५मध्ये एका भारतीय दूरसंचार कंपनीच्या सहकार्याने निवडक संकेतस्थळे विनामूल्य दाखवणारी योजना येथे आणली. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. गरिबांना फुकट आंतरजाल, असा तिचा गाजावाजा होता. प्रश्न एवढाच होता की, कोणती संकेतस्थळे फुकट आणि कोणती नाहीत, हे कोणी ठरवायचे? गावच्या रस्त्यावर पथकर माफ करणारा जर आपल्याच दुकानाकडे जाणाऱ्या गाड्यांना तो माफ करू लागला, तर त्याला दानधर्म म्हणत नाहीत.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१५मध्ये प्रसिद्ध केलेला चर्चापत्राचा मसुदा ११८ पानांचा होता आणि त्यात २० प्रश्न होते. सामान्य नागरिक ते वाचण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. तेव्हा काही जाणकार स्वयंसेवकांनी त्या पानांचा अभ्यास करून प्रश्नांची सोपी उत्तरे तयार केली आणि मुंबईतील एका विनोदी कलापथकाने तोच विषय हसवत समजावणारी चित्रफीत काढली. प्राधिकरणाकडे दहा लाखांहून अधिक पत्रे गेली. डिसेंबरमध्ये फेसबुकने पानभर जाहिरातींचा मारा केला. लोकांनी त्या जाहिरातींचीच विडंबने केली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने आंतरजालावरील मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि ती योजना भारतातून गुंडाळली गेली.

त्यानंतरचा प्रसंग अधिकच बोलका आहे. फेसबुकच्या संचालक मंडळातील मार्क अँड्रीसन यांनी या निर्णयावर संतापून, वसाहतवादाला केलेल्या विरोधानेच भारताचे अनेक दशके आर्थिक नुकसान झाले, अशा आशयाचा शेरा मारला. भारतीयांनी त्यावर निबंध लिहीत बसण्यापेक्षा ईस्ट इंडिया कंपनीची आठवण करून देणाऱ्या उपरोधाचा वर्षाव केला. शेरा मागे घेतला गेला, क्षमायाचना झाली आणि ते मत आपल्या कंपनीचे नाही, असे मार्क झुकरबर्ग यांना जाहीरपणे सांगावे लागले. व्यापाराच्या निमित्ताने आलेल्यांनी येथे काय केले, हे ज्या समाजाच्या स्मरणात आहे, त्याच्या थट्टेला धार आपोआप येते.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. तो विजय केवळ विनोदाने मिळाला नाही. ११८ पाने कोणीतरी वाचली होती. २० प्रश्नांची उत्तरे कोणीतरी बसून लिहिली होती. विनोदाने दार ठोठावले. आत जाऊन बोलण्याचे काम अभ्यासाने केले.

हसणे म्हणजे निर्णय नव्हे

अभ्यासाचा आधार सुटला की थट्टा किती पोकळ ठरते, याचेही दाखले विपुल आहेत. ॲपलने २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड बाजारात आणण्याची घोषणा केली, तेव्हा संगणकप्रेमींच्या एका नामांकित वृत्तस्थळाच्या संस्थापकाने त्याला मोजक्या शब्दांत निकालात काढले. बिनतारी सोय नाही, प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रापेक्षा साठवण कमी, सारांश सामान्य. पुढे त्याच आयपॉडने संगीत ऐकण्याची जगाची सवय बदलली. २००७ साली आयफोनची किंमत आणि कळफलकाचा अभाव पाहून मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर मुलाखतीत मोकळेपणाने हसले होते. त्या हसण्याची किंमत त्यांच्या कंपनीने भ्रमणध्वनीच्या बाजारात मोजली.

याहून आपल्या जवळचे उदाहरण १ जानेवारी २०००चे आहे. वर्षाचे केवळ शेवटचे दोन अंक साठवणारे जुने संगणक २००० सालाला १९०० समजतील आणि बँका, वीजकेंद्रे, विमानसेवा कोलमडतील, अशी भीती होती. प्रत्यक्षात त्या रात्री फारसे काही घडले नाही. अमेरिकेची अधिकृत वेळ राखणाऱ्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळाने त्या दिवशी १९१०० साल दाखवले, एवढी एक गंमत झाली. त्यानंतर अनेक वर्षे तो सारा बागुलबुवाच होता, असे विनोद होत राहिले. परंतु काही घडले नाही याचे कारण, ते घडू नये म्हणून हजारो माणसांनी आधीची काही वर्षे जुन्या आज्ञावली ओळीनिशी तपासल्या होत्या. त्यांत मुंबई, पुणे, बंगळूर येथून गेलेल्या भारतीय तरुण-तरुणींचा वाटा फार मोठा होता. आपला मुलगा किंवा सून त्या कामासाठी परदेशी गेल्याचे अनेक मराठी घरांना आठवत असेल. धरण फुटले नाही म्हणून ते बांधणाऱ्याला हसावे, तशातला तो विनोद होता.

उलट, १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक निळे पडदे दाखवीत बंद पडले. दिवस शुक्रवारचा; त्यामुळे सुट्टी लवकर मिळाल्याचे विनोद तासाभरात जगभर पोहोचले. त्याच वेळी भारतीय विमानतळांवर कर्मचारी प्रवाशांची नावे कागदावर हाताने लिहून प्रवेशपत्रे देत होते. त्या हस्तलिखित प्रवेशपत्रांची छायाचित्रेही थट्टेचा विषय झाली. वस्तुतः त्या गोंधळात शाबूत राहिलेली व्यवस्था तीच होती. जगातील इतके संगणक एका कंपनीच्या एका चुकीवर का अवलंबून असावेत, हा प्रश्न मात्र हास्यकल्लोळात मागे पडला.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित उत्तमांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. आंतरजालावरील हास्याला ही मोजपट्टी लावण्यास हरकत नाही. बलाढ्याच्या दंभावर ओठांच्या कडेने उमटलेले स्मित समाजाला शहाणे करते. संकटात हाताने काम निभावणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा नवे यंत्र हाताळताना गोंधळलेल्या वृद्धाला पाहून उसळणारा कल्लोळ कोणालाच काही शिकवत नाही.

आपल्या अंगणातील खडे

डिंक आणि खडे यांच्या प्रकरणाला आणखी एक बाजू आहे आणि ती हसणाऱ्यांनी ऐकून घेतली पाहिजे. त्या आठवड्यात यंत्राच्या चुका म्हणून जी चित्रे फिरली, त्यांतील काही चक्क बनावट होती. गर्भवतींना धूम्रपानाचा सल्ला किंवा निराश माणसाला पुलावरून उडी मारण्याचा सल्ला, अशी उत्तरे आपल्या यंत्राने दिलीच नव्हती, असे गूगलने स्पष्ट केले. कोणीतरी ती गंमत म्हणून तयार केली आणि लाखोंनी ती खरी मानून पुढे पाठवली. म्हणजे विनोद न ओळखणाऱ्या यंत्राला हसता हसता माणसांनीही विनोद ओळखला नाही! सिंहाच्या कुंजात यंत्रामागोमाग माणसेही शिरली.

भारतात याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये दोन हजार रुपयांची नोट आली, तेव्हा तिच्यात सूक्ष्म चकती बसवली असून जमिनीखाली १२० मीटरवर पुरलेली नोटही उपग्रहाला दिसेल, असा मजकूर घरोघरी पोहोचला. काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनी त्यावर कार्यक्रम केले. असे काहीही नाही, हे रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले. २०२३च्या मे महिन्यात ती नोट चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली, तेव्हा त्या चकतीवर पुन्हा विनोद झाले. 'जन गण मन' हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत असल्याचे युनेस्कोने जाहीर केले, हा संदेशही असाच; युनेस्कोने तसे काही जाहीर केल्याचा इन्कार केला, तरी तो वर्षानुवर्षे फिरत राहिला. असे संदेश पुढे पाठवणारी माणसे दुष्ट नसतात. बहुधा ती देशावर प्रेम करणारी, सुशिक्षित, सत्प्रवृत्त माणसे असतात. परंतु राष्ट्रगीताचा गौरव करण्यासाठी युनेस्कोच्या खोट्या प्रमाणपत्राची गरज वाटावी, यात गौरव कमी आणि न्यूनगंड अधिक आहे. मनाला जे आवडते ते तपासण्याची इच्छा माणसाला होत नाही. यंत्राची चूक अज्ञानातून झाली. ही चूक आवडीतून होते आणि म्हणून ती सुधारण्यास अधिक कठीण असते.

या साऱ्याला आता व्यवहाराचीही बाजू आली आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये रेडिटने आपल्याकडील चर्चांचा साठा गूगलला वापरण्यास देण्याचा करार केला. त्याचे मोल वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलर असल्याचे वृत्त होते. डिंकाचा सल्ला देणाऱ्या त्या अनामिक विनोदवीराला त्यातील एक छदामही मिळाला नाही. पूर्वी कट्ट्यावर केलेली कोटी हसून झाली की हवेत विरून जात असे. आज चौथ्या इयत्तेतील विद्यार्थ्यापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत जो कोणी काही लिहितो, ते कोठेतरी साठते, विकले जाते आणि दळून पीठ होऊन उत्तराच्या रूपाने परत येते. जात्यात जे घातले तेच पिठात उतरणार. मायक्रोसॉफ्टने २०१६च्या मार्चमध्ये 'टे' नावाचे बोलके यंत्र लोकांच्या हवाली केले, तेव्हा टवाळखोरांनी त्याला इतके विषारी बोलायला शिकवले की एका दिवसाच्या आत ते बंद करावे लागले.

मराठीच्या बाबतीत ही गोष्ट अधिक काळजीची आहे. इंग्रजीच्या महासागरात एक खडा पडला तरी तो बुडून जातो. आंतरजालावरील मराठी मजकूर त्या मानाने ओंजळभर. त्यात पडलेला प्रत्येक खडा घासाघासाला दाताखाली येणार. आयुर्वेदाच्या नावाने फिरणारे बनावट काढे, संतांच्या नावावर खपवलेली आधुनिक सुभाषिते, शिवरायांच्या तोंडी घातलेली न बोललेली वाक्ये, हे सारे उद्याच्या यंत्राचे खाद्य आहे. एकनाथांच्या भारुडातील वेडसर सोंगामागचा उपदेश ज्याला कळणार नाही, त्या यंत्राकडून उद्याची मुले एकनाथ शिकणार असतील, तर आज खरे एकनाथ, अचूक पाठासह आणि अर्थासह, तेथे ठेवण्याची जबाबदारी मराठी समाजाची आहे. ती कोणतीही परदेशी कंपनी पार पाडणार नाही.

विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, याचे भान देणारी एक घटना २०२५ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. आहारातील मीठ टाळू पाहणाऱ्या साठ वर्षांच्या एका अमेरिकन गृहस्थाने चॅटजीपीटीशी सल्लामसलत करून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड वापरले. तीन महिन्यांनी भ्रमिष्ट अवस्थेत त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याला ब्रोमाइडची विषबाधा झाली होती. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड, हे उत्तर काही अन्य कामांसाठी बरोबर असेलही. जेवणाच्या पानासाठी नव्हे. येथे कोणी थट्टाही केलेली नव्हती. सुटला होता तो फक्त संदर्भ. डिंकाच्या सल्ल्यावर जग हसले, कारण त्यातील मूर्खपणा उघड होता. ब्रोमाइडच्या सल्ल्यातील धोका उघड नव्हता. म्हणून तो पोटात गेला.

मराठीत एक सुंदर शब्द आहे, तारतम्य. कोणते विधान थट्टेचे, कोणते अर्धवट, कोणते कामाचे आणि कोणते कोणासाठी कामाचे, हे ओळखणारी बुद्धी म्हणजे तारतम्य. ते घरात जेवणाच्या पंगतीत शिकले जाते. आजोबा गंभीर चेहऱ्याने एखादी लोणकढी थाप मारतात, नातू डोळे विस्फारून ऐकतो, आजी पदराआड हसते आणि आजीच्या त्या हसण्यावरून नातवाला कळते की आजोबांचे बोलणे अक्षरशः घ्यायचे नाही. व्यंजनेचा तो पहिला पाठ असतो. ज्या घरात जेवताना प्रत्येकाची मान आपापल्या पडद्यात खुपसलेली असते, तेथे हा पाठ कोणी कोणाला द्यायचा?

तेव्हा यंत्रांच्या फजितीवर जरूर हसावे. बलाढ्यांना हसणारा समाज सहसा गुलाम होत नाही. मात्र हसून झाल्यावर ती चूक का झाली, हे घरातील मुलांनी विचारावे आणि मोठ्यांनी शोधून सांगावे. कौटुंबिक गटात आलेला गोड संदेश पुढे ढकलण्यापूर्वी बोट क्षणभर थांबवावे. खडा ताटात येण्यापूर्वी निवडून टाकणे, हे मराठी घराचे जुने काम आहे. तांदूळ आता स्वच्छ होऊन पिशवीतून येतो. निवडण्याची सवय मात्र मोडता कामा नये.